कॉपी-पेस्टची गोष्ट : कात्री, खळ आणि एकच खण



बचत गटाचं निम्मं काम लिहिण्याचं असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. इतिवृत्त लिहायचं, ठराव लिहायचा, तोच ठराव बँकेसाठी पुन्हा लिहायचा. सभासदांची यादी ग्रामसंघाला द्यायची, तीच प्रभागसंघाला द्यायची. यातलं बरंच काम आता मोबाइलवर नाहीतर संगणकावर होतं. ते करताना दिवसातून कितीतरी वेळा आपलं बोट दोन शब्दांवर पडतं, कॉपी आणि पेस्ट.

आज या दोन शब्दांचा इतिहास आपण पाहणार आहोत. ही सोय कुणी केली, कुणाला विचारून केली आणि ती आहे तशीच का आहे, हे एकदा कळलं की तिच्याकडून जास्त काम कसं करून घ्यायचं तेही कळतं. तिच्यापासून कुठं जपायचं, तेही ध्यानात येतं.

सुरुवात संगणकाच्या कितीतरी आधीपासून करू. छपाई यायच्या आधी आपल्याकडं पोथ्या हातानं उतरवून घेत. एक पोथी समोर ठेवायची आणि दुसरी लिहायची, हीच कॉपी. लिहिता लिहिता एखादा शब्द, एखादी ओळ सुटायचीच. मग सुटलेला शब्द बाजूच्या समासात लिहायचा आणि तो नेमका कुठं घालायचा हे दाखवायला ओळीत एक छोटी खूण करायची. तिला काकपद किंवा हंसपद म्हणत. काकपद म्हणजे कावळ्याचा पाय, हंसपद म्हणजे हंसाचा. आपण शाळेच्या वहीत राहिलेला शब्द वर लिहून खाली टोकदार खूण करतो, तीच ही. या कावळ्याच्या पायाची पुढं पुन्हा गाठ पडणार आहे, तेव्हा तो लक्षात ठेवा.

नंतर छापखाने आले, टंकलेखन यंत्रं आली. एकाच वेळी दोन-तीन प्रती निघाव्यात म्हणून कागदांच्या मध्ये कार्बन कागद घालू लागले. या कार्बन कागदाचं पहिलं पेटंट १८०६ सालचं, इंग्लंडमधलं. प्रत काढायची सोय झाली, पण लिहिलेल्या मजकुराची जागा बदलायची झाली तर काय? चौथा परिच्छेद दुसऱ्या जागी हवा असेल तर? त्याला एकच उपाय होता. कात्री घ्यायची, तो परिच्छेद कापायचा आणि हव्या त्या जागी खळीनं चिकटवायचा. वर्तमानपत्रांच्या आणि पुस्तकांच्या कचेऱ्यांत संपादकाच्या टेबलावर कात्री आणि खळ असायचीच. इंग्रजीत या खळीलाच 'पेस्ट' म्हणतात. म्हणजे आज आपण मोबाइलवर 'पेस्ट' दाबतो, तेव्हा खरं तर 'खळ लाव' असं सांगत असतो.

आता अमेरिकेत जाऊ. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावात झेरॉक्स कंपनीनं १९७० साली एक संशोधन केंद्र काढलं. ज्या कंपनीच्या नावावरून आपण अजून 'झेरॉक्स काढून आण' म्हणतो, तीच ही कंपनी. या केंद्रात १९७३ साली 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याला पडदा होता आणि माऊसही होता. त्याच्यावर लिहिण्यासाठी 'ब्राव्हो' नावाचा प्रोग्रॅम होता. तो हुशार होता, पण वापरणाऱ्याला सतत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागायची. आपण आत्ता मजकूर लिहितोय की यंत्राला हुकूम देतोय? लिहिण्याच्या अवस्थेत 'ई' दाबलं तर ई हे अक्षर उमटायचं. हुकमाच्या अवस्थेत तेच 'ई' दाबलं तर सगळा मजकूर निवडला जायचा.

याचा एक किस्सा संगणकाच्या जगात प्रसिद्ध आहे. समजा कुणाला 'एडिट' हा इंग्रजी शब्द लिहायचाय, पण यंत्र हुकमाच्या अवस्थेत आहे. या शब्दात चार अक्षरं आहेत : ई, डी, आय, टी. 'ई' दाबलं, सगळा मजकूर निवडला गेला. 'डी' दाबलं, निवडलेलं सगळं पुसलं गेलं. 'आय' म्हणजे आता नवीन घाल. मग 'टी' दाबलं आणि पडद्यावर फक्त टी उरलं. दिवसभराची मेहनत गेली आणि हातात एक अक्षर राहिलं!

याच केंद्रात लॅरी टेस्लर नावाचा तरुण संगणकतज्ज्ञ होता. हे असं 'अवस्था लक्षात ठेवा' प्रकरण त्याला अजिबात पटायचं नाही. पुढं तर त्यानं आपल्या गाडीच्या नंबरपाटीवरसुद्धा 'नो मोड्स', म्हणजे 'अवस्था नकोत' अशा अर्थाची अक्षरं घेतली. त्याचं म्हणणं साधं होतं. माणसानं यंत्राच्या कलानं का वागावं? यंत्रानं माणसाच्या हाताच्या सवयीनं चालावं.

पण हाताची सवय कळणार कशी? केंद्रातले सगळे संगणकात मुरलेले. त्यांना विचारून उपयोग नव्हता, कारण त्यांचे हात यंत्राला आधीच सरावले होते. तेव्हा टेस्लरनं नुकतीच नोकरीला लागलेली, संगणकाचं शिक्षण न झालेली एक सेक्रेटरी शोधली. तिला कोऱ्या पडद्यासमोर बसवलं आणि सांगितलं, की अशी कल्पना कर, तुझं पान या पडद्यावर आहे. आता तुला यात दुरुस्त्या करायच्यात, तू काय करशील? तिनं कागदावर जे केलं असतं तेच सांगितलं. शब्द घालायचा असेल तर त्या जागी बोट दाखवीन आणि लिहायला लागीन. खोडायचा असेल तर त्याच्यावरून रेघ ओढीन. झालं. आज आपण पडद्यावर बोट ठेवतो आणि तिथून लिहायला लागतो, शब्दावरून बोट ओढून तो निवडतो, त्याची पाळंमुळं अशा सरळ उत्तरात आहेत. जिला संगणक येत नव्हता, तिचं उत्तर संगणकाला उपयोगी पडलं.

दुसरी गोष्ट याहून मोठी. जिन आणि कंपनी ही शाळेची पुस्तकं काढणारी प्रकाशन संस्था त्या वेळी झेरॉक्सच्या मालकीची होती. तिची कचेरी बोस्टन शहराजवळ लेक्सिंग्टनला होती. तिथल्या संपादकांसाठी लिहिण्याचा प्रोग्रॅम करायचं काम टेस्लर आणि त्याचा सहकारी टिम मॉट यांच्याकडं आलं. मॉट त्या कचेरीत जाऊन बसला. संपादक हाताला पेन्सिल, कात्री आणि खळ घेऊन काम कसं करतात, ते त्यानं पाहिलं. त्यांनाही कोऱ्या पडद्यापुढं बसवून 'तुमचं काम यावर कसं कराल ते बोलून दाखवा' म्हटलं. त्यातून १९७५ च्या सुमारास 'जिप्सी' नावाचा प्रोग्रॅम तयार झाला. त्यात मजकूर उचलायचा, कापायचा आणि दुसरीकडं चिकटवायचा, असं सगळं होतं. कट, कॉपी आणि पेस्ट ही नावं आज आपण वापरतो त्याच अर्थानं तिथं रुजली. आधीच्या काही प्रोग्रॅममध्येही पुसलेला मजकूर बाजूला धरून ठेवायची युक्ती होती. पण जिप्सीमध्ये ती टेबलावरच्या कात्री-खळीसारखी, न शिकवता कळणारी झाली.

मैत्रिणींनो, इथं जरा थांबून विचार करू. लॅरी टेस्लर २०२० च्या फेब्रुवारीत वारला, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला 'कॉपी-पेस्टचा जनक' म्हटलं. तो मान त्याचाच आहे. पण त्यानं केलं काय, तर आधीपासून कुणाच्या तरी हातात असलेलं ज्ञान ओळखलं. ते ज्ञान त्या सेक्रेटरीच्या बोटात होतं, त्या संपादकांच्या कात्रीत होतं. घरातलं असो की कचेरीतलं, रोजचं काम करणाऱ्याला आपल्याकडं काही ज्ञान आहे असं वाटतच नाही. ते ओळखायला कुणीतरी शेजारी बसून विचारावं लागतं.

पुढं १९८० साली टेस्लर अॅपल कंपनीत गेला. त्या कंपनीनं १९८३ साली 'लिसा' नावाचा संगणक काढला. किंमत ९,९९५ डॉलर, त्यामुळं तो फारसा खपला नाही. १९८४ च्या जानेवारीत आला 'मॅकिंटॉश', तो मात्र गाजला. मजकूर कापून-चिकटवायच्या कळा ठरल्या त्या याच काळात. संगणकाच्या कळपाटीवर खालच्या ओळीत डावीकडं झेड, एक्स, सी आणि व्ही ही चार अक्षरं शेजारी शेजारी आहेत. सी म्हणजे कॉपी, हे सोपं. एक्स म्हणजे कट, कारण त्याचा आकार मजकुरावर फुली मारल्यासारखा. झेड म्हणजे केलेलं परत फिरवणं, ते शेजारी म्हणून आलं. आणि पेस्टला व्ही का? तर राहिलेला शब्द घालायची जी टोकदार खूण, तीच उलटी केली की व्ही होतो. हाच तो आपला कावळ्याचा पाय! पोथीच्या ओळीत सुटलेला शब्द दाखवायला जशी खूण करत, तिच्याच जातीची खूण आज कळपाटीवर बसली आहे. विंडोजच्या संगणकावर कंट्रोल ही कळ दाबून धरून या चारही कळा वापरायच्या. या चार आल्या की माऊस शोधत बसावं लागत नाही. झेडला तर विसरूच नका. चुकून यादी पुसली गेली तर घाबरायचं नाही, लगेच कंट्रोल आणि झेड दाबायचं.

आता उचललेला मजकूर चिकटवेपर्यंत राहतो कुठं? त्या जागेचं नाव क्लिपबोर्ड. परीक्षेला मुलं चिमट्याचा पॅड नेतात ना, तोच क्लिपबोर्ड. संगणकाच्या आठवणीतली ही एक तात्पुरती जागा. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच खणाचं कपाट. एक वस्तू ठेवली की ती तिथं राहते, दुसरी ठेवली की पहिली बाहेर पडते. पहिल्या मॅकिंटॉशची सगळी स्मृती १२८ किलोबाइट होती. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा त्याहून कितीतरी मोठा असतो. इतक्या गरीब यंत्रात पाच खणांचं कपाट मावणार कुठून? पण एका खणावर भागत नाही हे तेव्हाही कळत होतं. म्हणून त्याच मॅकिंटॉशमध्ये 'स्क्रॅपबुक' दिलं होतं. पुन्हा पुन्हा लागणारी चित्रं आणि मजकूर त्यात चिकटवून ठेवता यायचा.

यंत्रं श्रीमंत झाली, पण खण बराच काळ एकच राहिला. मायक्रोसॉफ्टनं ऑफिस २००० मध्ये बारा खण दिले, त्याच्या पुढच्या आवृत्तीत चोवीस, पण ते ऑफिसच्या प्रोग्रॅमपुरतेच. सगळ्या विंडोजसाठी सोय आली ती २०१८ च्या शेवटी, विंडोज १० मध्ये. कळपाटीवर खिडकीचं चित्र असलेली कळ आणि व्ही एकत्र दाबा. पहिल्यांदा ते विचारेल, ही सोय चालू करू का? हो म्हणा. त्यानंतर तुम्ही कॉपी केलेल्या शेवटच्या पंचवीस गोष्टी तिथं यादीत दिसतात. हवी ती निवडायची. संगणक बंद करून पुन्हा चालू केला की यादी पुसली जाते, पण जिला टाचणीची खूण केली ती टिकते. वीस सभासदांची नावं एका फाइलमधून दुसऱ्या अर्जात न्यायची असतील, तर आधी सगळी एकेक करून कॉपी करायची आणि मग तिकडं जाऊन ओळीनं चिकटवायची. वीस फेऱ्या मारायच्या ऐवजी दोन फेऱ्यांत काम.

मोबाइलची कथा तर गमतीची आहे. २००७ साली पहिला आयफोन आला. त्याचं जगभर कौतुक झालं, पण त्यात कॉपी-पेस्ट नव्हतंच! ते मिळायला २००९ चा जून उजाडला. बोटानं अचूक शब्द कसा निवडायचा, हा प्रश्न त्या छोट्या काचेवर पुन्हा नव्यानं सोडवावा लागला. म्हणून शब्दावर बोट दाबून धरलं की दोन टोकांना दोन थेंब दिसतात. ते ओढून आपण मजकूर कमी-जास्त करतो.

आपल्यापैकी बऱ्याचजणींकडं अँड्रॉइड फोन आहे आणि त्यावर गूगलचा जीबोर्ड कीबोर्ड आहे. त्याच्या वरच्या पट्टीत पॅडचं एक छोटं चित्र असतं. ते दाबून क्लिपबोर्ड चालू करा. कॉपी केलेला मजकूर तिथं तासभर राहतो आणि मग आपोआप जातो. पण त्याच्यावर बोट दाबून धरून पिन केलं की तो कायमचा राहतो. आमचा सल्ला असा, की तीन गोष्टी पिन करून ठेवा : गटाचं नाव बँकेच्या पासबुकात जसं आहे अगदी तसं, गटाचा पूर्ण पत्ता आणि बँक शाखेचा आयएफएससी कोड. हा कोड अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. हातानं लिहिताना त्या शून्याचा इंग्रजी 'ओ' होतो आणि अर्ज परत येतो. कॉपी केलं तर असं होत नाही.

व्हॉट्सअॅपचीही एक गंमत जाणून घ्या. एक मेसेज कॉपी केला तर फक्त मजकूर येतो. पण चार-पाच मेसेज एकदम निवडून कॉपी केले, तर प्रत्येकाच्या आधी तारीख, वेळ आणि पाठवणारीचं नावही येतं. बैठकीला कोण येणार, कुणाचा हप्ता कधी भरला, हे गटाच्या ग्रुपवर आलं असेल, तर इतिवृत्ताच्या कच्च्या खर्ड्याला हे फार उपयोगी.

आपल्या मराठीचं एक दुखणं इथं सांगायलाच हवं. जुन्या संगणकावर मराठीत केलेला अर्ज कॉपी करून मोबाइलवर टाकला, की कधी कधी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो. बिघाड क्लिपबोर्डचा नसतो. क्लिपबोर्ड अक्षराचं रूप नेत नाही, त्याचा क्रमांक नेतो. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकावर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट जिथं नाही तिथं त्या क्रमांकाचं खरं इंग्रजी अक्षर दिसतं. यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक. १९९१ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे आणि तिची मांडणी १९८८ च्या 'इस्की' या भारतीय प्रमाणावर बेतलेली आहे. तेव्हा गटाचं नवं काम युनिकोडमध्येच करा. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार मात्र नजरेखालून घाला.

आता जपायचं काय ते पाहू. हा खण आपल्या फोनचा आहे, पण त्याला कुलूप नाही. कॉपी केलेला मजकूर आपण ज्या अॅपमध्ये जाऊ ते अॅप वाचू शकतं. आपण पेस्ट दाबलं नसतानाही बरीच अॅप हा खण उघडून पाहतात, हे २०२० साली संशोधकांनी दाखवून दिलं. त्याच वर्षी अॅपलनं, अॅपनं क्लिपबोर्ड वाचला की पडद्यावर सूचना दिसेल अशी सोय केली. अँड्रॉइडनं २०१९ मध्येच, मागं चालू असलेल्या अॅपला क्लिपबोर्ड वाचायला बंदी केली होती आणि २०२१ च्या आवृत्तीत सूचनाही आणली. तरी मूळ नियम आपलाच. ओटीपी, पिन, पासवर्ड, सभासदांचे आधार क्रमांक या गोष्टी क्लिपबोर्डवर रेंगाळत ठेवायच्या नाहीत आणि पिन तर कधीच करायच्या नाहीत. वीस बायकांनी विश्वासानं दिलेले कागद आपण कपाटात कुलपात ठेवतो. मग त्यांचे क्रमांक उघड्या खणात कसे ठेवायचे?

दुसरी काळजी पैशाची. कॉपी केलेला खाते क्रमांक गुपचूप बदलून दुसराच चिकटवणारे घातक प्रोग्रॅम असतात. आपल्या हातूनही एक आकडा निवडायचा राहून जाऊ शकतो. म्हणून पेस्ट केल्यावर पासबुक समोर धरून शेवटचे चार आकडे मोठ्यानं वाचा, शेजारणीला ऐकू द्या. काही अर्जांत खाते क्रमांक दुसऱ्यांदा पेस्ट करता येत नाही, हातानंच टाकावा लागतो. त्याचा वैताग येतो, पण कारण हेच आहे. कॉपी चूकही तितक्याच इमानानं उतरवते. एकदा चुकीचं उचललं तर दोन्ही चौकटींत तीच चूक जाते आणि यंत्र म्हणतं, बरोबर आहे. पोथी उतरवणारे अखेरीस लिहीत, की जसं समोर दिसलं तसं लिहिलं, मला दोष देऊ नका. आपल्याला तसं लिहून चालणार नाही, कारण हप्ता कुणाच्या तरी घामाचा असतो.

शेवटी एक मागणं. गटांच्या हिशेबासाठी नवनवी अॅप येत राहतात. ती शिकवायला कुणी आलं, की आपण मुकाट्यानं शिकतो आणि नाही जमलं तर स्वतःलाच बोल लावतो. यापुढं शिकवणाऱ्यांना आपली हिशेबाची वही दाखवू. आधी बचत लिहितो, मग व्याज, मग दंड, असा आपला हात कसा चालतो ते सांगू. अॅपमध्ये तेच काम उलट्या क्रमानं करावं लागत असेल तर तसं बोलून दाखवू. पन्नास वर्षांपूर्वी कोऱ्या पडद्यापुढं बसलेल्या त्या सेक्रेटरीनं तरी याहून वेगळं काय केलं होतं? तिला कुणीतरी विचारलं होतं एवढंच. आपल्याला कुणी विचारलं नाही, तर आपण न विचारता सांगू.